भोये सरांच्या बापाचा खांब

आमच्या शाळेच्या फाटकातून आत शिरलं की उजव्या हाताला काळ्या ग्रॅनाइटचा कीर्तिस्तंभ दिसतो. तो नीट दिसावा म्हणून तिथला जुना कडुनिंब तोडला. स्तंभावर देणगीदारांची नावं आहेत, संस्थेच्या अध्यक्षांचं नाव तीन बाजूंना आहे, आणि ज्यानं ग्रॅनाइट बसवला त्या कंत्राटदाराचंही नाव खाली बारीक अक्षरात आहे. शिक्षकाचं नाव एकही नाही. मी या शाळेत भूगोल शिकवते. रोज सकाळी त्या स्तंभाला वळसा घालून स्टाफरूमकडं जाते आणि रोज मला भोये सर आठवतात. आठवले की तोंड कडू होतं, ते चहानंही जात नाही.

भोये सर संस्कृत आणि मराठी शिकवायचे. सुरगाण्याच्या पलीकडं, गुजरातच्या हद्दीला टेकलेल्या डोंगरातलं त्यांचं गाव. उंची बेताची, रंग काळा, पाठ ताठ. शर्टाच्या खिशात कायम खडूचा तुकडा, त्यामुळं प्रत्येक शर्टाचा खिसा पांढरा. वर्गात जाण्याआधी व्हरांड्यातल्या पहिल्या खांबावर तळहातानं दोनदा थोपटायचे, बैलाच्या पाठीवर थोपटावं तसं. का, ते कुणी विचारलं नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "बाई, हा इमारतीतला सगळ्यात जुना नोकर. रजा नाही, बढती नाही. त्याची विचारपूस कोण करणार?"

पंचवटीतली आमची शाळा. संस्कृतचा तास म्हटला की पालकांच्या डोळ्यांपुढं कोण उभं राहतं, ते वेगळं सांगायला नको. भोये सर नवीन असताना एका पालकसभेत एक बाई उठल्या आणि त्यांनी विचारलं, "संस्कृतला कोण आहेत म्हणालात? भोये? म्हणजे ते... तिकडचे?" तेव्हाचे मुख्याध्यापक घाईघाईनं म्हणाले, "हो, हो, पण शिकवतात उत्तम." बाईंचं समाधान झालं. सर मागच्या बाकावर बसून ऐकत होते. सभा संपल्यावर जिना उतरताना मला म्हणाले, "हे जे 'पण' आहे ना, सोनवणेबाई, ते माझं खरं मधलं नाव. बापाचं नाव कागदावर असतं, बोलण्यात हेच येतं."

मी हसले. तेही हसले. नंतर कळलं की ते हसत नव्हते, नुसते दात दिसत होते.

त्यांना शब्दाचं मूळ शोधायचं वेड होतं. आमच्या डब्यातल्या भाजीपासून बसच्या पाटीपर्यंत एक शब्द सुटायचा नाही. पोरं व्हरांड्यात पळाली की एखाद्याच्या पुढं हात आडवा धरून म्हणायचे, "थांब. आत्ता मी जे बोललो, ते कुठून आलं?" पोरगं धापा टाकत म्हणायचं, "तुमच्या तोंडातून, सर." मग सर खिशातला खडू काढून तिथल्या तिथं फरशीवर लिहायचे. थांब, स्तंभ, स्तब्ध. "ही तिन्ही एका आईची लेकरं. एक घरी राहिलं, एक देवळात गेलं, एकाची वाचा बसली." आणि खांब? "तो चुलत घरचा. त्याचं मूळ स्कंभ. स्कंभ म्हणजे टेकू. जुने लोक विचारायचे, हे आभाळ कशाला टेकलंय रे? तर म्हणे स्कंभाला. म्हणून लक्षात ठेव, स्तंभ अडवतो आणि खांब आधार देतो. आता जा, पण चालत जा." माझ्या दोन्ही मुली त्यांच्या हाताखाली शिकल्या. आज एक बंगळूरला आहे, एक पुण्यात. संस्कृत दोघीही विसरल्या, फरशीवरचे ते तीन शब्द विसरल्या नाहीत.

गंमत बघा. हा माणूस जन्मभर शब्दांना त्यांचं मूळ विचारत राहिला आणि लोक जन्मभर त्याला त्याचं मूळ विचारत राहिले. नवीन शिक्षक आला, शिक्षण खात्याचा साहेब आला, लग्नात कुणी शेजारी जेवायला बसलं, की तिसरं वाक्य ठरलेलं. "सर, तुम्ही मूळचे कुठले?" सर म्हणायचे, "शब्दाचं विचारताय की माझं?" समोरचा गोंधळला की शांतपणे जेवू लागायचे.

त्यांच्या डब्यात नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी असायची, कधी उडदाचं बेसन, कधी रानभाजी. डबा अॅल्युमिनियमचा, झाकणाला एक पोचा. स्टाफरूममध्ये सुरुवातीला नाकं मुरडली गेली. पुढं नागलीचा भाव शहरात वाढला, डॉक्टर नागली खा म्हणायला लागले, तेव्हा त्याच मंडळींनी विचारायला सुरुवात केली, "सर, गावाकडून पाच किलो मिळेल का हो, ओरिजिनल?" सर आणून द्यायचे. टोमणा मारायचे नाहीत. मी मारला असता. मी बागलाणची, माझी आई अहिराणीत बोलायची, आणि मीही शहरात आल्यावर पहिली पाच वर्षं माझं बोलणं दाबूनच वागले. त्यामुळं त्यांच्या गप्प राहण्याची किंमत मला कळायची.

आता दादासाहेबांकडं येते, कारण त्यांच्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. दादासाहेब म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष. देवळ्याकडचं कांद्याचं घराणं. कांद्यातून द्राक्षात आले, द्राक्षातून वाइनमध्ये, आणि वाइनमधून दिंडोरी रस्त्याला एका रिसॉर्टमध्ये. शनिवार-रविवारी मुंबईची मंडळी तिथं गाड्या भरून येतात, मळ्यातून फेरी मारतात आणि ग्लास हातात धरून सूर्यास्त बघतात. माणूस बोलायला गोड. वाईट माणूस आहे असं म्हणायची माझी तयारी नाही. वाईट माणसाला निदान आपण काय करतोय ते ठाऊक असतं.

शाळेचा अमृतमहोत्सव आला. कीर्तिस्तंभ उभारायचं ठरलं. बैठकीत वाद झाला की विजयस्तंभ म्हणायचं की कीर्तिस्तंभ. एक सभासद म्हणाले, विजय म्हटलं की कुणावर ते सांगावं लागतं. मग कीर्ती ठरली. दादासाहेब म्हणाले, "आपल्याकडं शब्दांचा बाप माणूस बसलाय आणि आपण काय भांडतोय? भोये सर, कार्यक्रमाच्या दिवशी तुम्ही पंधरा मिनिटं बोला. स्तंभ म्हणजे काय, कुठून आला, एकदम भारी झालं पाहिजे."

इतक्या वर्षांत त्यांना संस्थेच्या मंचावर बोलायला पहिल्यांदाच सांगितलं होतं. सर खूश झाले. मी त्यांना खूश झालेलं फार वेळा पाहिलं नाही, म्हणून ते चांगलं आठवतं. नवा शर्ट घेतला होता. त्याचाही खिसा संध्याकाळपर्यंत पांढरा झाला.

भाषण छान झालं. स्तंभ, थांब, स्तब्ध झालं. स्कंभ आणि खांब झालं. मग सर जरा थांबले आणि म्हणाले, "आता मी माझ्या घरातला एक खांब सांगतो." मांडवात चुळबुळ थांबली.

त्यांनी सांगितलं ते असं. आमच्या डोंगरात माणूस गेला की त्याच्या नावानं सागाचा खांब उभा करतात. लगेच नाही. ऐपत येईल तेव्हा. तोवर गेलेला माणूस घराभोवती घोटाळत राहतो, त्याला टेकायला जागा नसते. माझा बाप नवसू. दर वर्षी छाटणीच्या हंगामात तो दिंडोरीला द्राक्षबागेत मजुरीला यायचा. बागेच्या बांधावर पालात राहायचा. मी कॉलेजात असताना तो गेला. मला नोकरी लागल्यावर पहिल्या दिवाळीला आम्ही भावांनी त्याचा खांब उभा केला. वर सूर्य आणि चंद्र, मध्ये घोड्यावर बसलेला माणूस. "माझा बाप जन्मात घोड्यावर बसला नाही," सर म्हणाले, "पण कोरणाऱ्याला पायी माणूस कोरता येत नव्हता."

लोक हसले, टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत दादासाहेबांनी शेजारच्याच्या मांडीवर थाप मारली. आणि नेमकं तेव्हा सूत्रसंचालकानं सरांपुढं चिठ्ठी सरकवली. आवरतं घ्या. पालकमंत्री फाटकाशी आले होते. सरांनी चिठ्ठी वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि "नमस्कार" म्हणून खाली उतरले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी त्यांना म्हटलं, "सर, फार सुंदर बोललात." ते भाकरी मोडत म्हणाले, "अर्धंच बोललो, बाई. खांब उभा करणं हे अर्धं काम. उरलेलं अर्धं म्हणजे तो पडू देणं. त्याला तेल लावायचं नाही, डांबर फासायचं नाही, हलवायचा नाही. ऊन, पाऊस, वाळवी, ज्याला जेवढा खायचाय तेवढा खाऊ द्यायचा. खांब पडला की माणूस सुटला. मग त्याचं नाव नव्या पोराला द्यायला मोकळीक. आमच्या घरात पोरं झाली, पण नवसू नाव अजून कुणाला दिलं नाही. बाप अजून उभा आहे. साग चांगला निघाला." मग हातातला तुकडा खाऊन म्हणाले, "बुंध्याला वाळवी लागलीय. मी असेपर्यंत पडेल असं वाटतं." कुणी मुलीचं लग्न जमत आलंय असं सांगावं, तशा समाधानानं त्यांनी ते सांगितलं होतं.

हे अर्धं त्या दिवशी मांडवात सांगायला मिळालं असतं तर पुढचं टळलं असतं का? मला नाही वाटत. पण निदान कुणाला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय राहिली नसती.

पुढच्या दिवाळीच्या सुट्टीत सर गावी गेले आणि दोनच दिवसांत परत आले. मला फोन केला. एरवी ते फोन करत नसत. म्हणाले, "बाई, तुमच्याकडं स्कूटर आहे ना? दिंडोरी रस्त्याला जायचंय."

रिसॉर्टच्या फाटकावर निळ्या गणवेशातला एक चाळिशीचा माणूस उभा होता. सरांना बघून त्याचा चेहरा उतरला. तो मोतीराम, त्यांच्या थोरल्या भावाचा मुलगा. मला त्याचं नाव माहीत होतं, पण तो इथं नोकरीला लागल्याचं माहीत नव्हतं. सरांनाही दोन दिवसांपूर्वीच कळलं होतं.

"मला काय ठावं, काका," तो म्हणाला. "गाडी घेऊन आली माणसं. सांगत होती, सरांचाच निरोप आहा. खांबाचा मान करायचा आहा. तुमचा फोटोबी दाखवला, भाषणाचा."

"आणि नोकरी?"

"ती बी तवाच दिली."

मोतीरामनं फाटक उघडलं. आम्ही आत गेलो. हिरवळीच्या मधोमध, जिथं लोक वाइन चाखायला बसतात त्या छपरासमोर, नवसूचा खांब उभा होता. खालचा वाळवीनं खाल्लेला भाग कापून टाकला होता. उरलेला सिमेंटच्या चौथऱ्यात घट्ट बसवलेला. पॉलिश इतकं, की घोड्याच्या पोटात आभाळ दिसत होतं. चारी बाजूंना जमिनीत दिवे. आणि समोर पितळी फलक, वर इंग्रजी मोठं, खाली मराठी लहान. 'खांब: जो कधीच पडत नाही. आदिम योद्ध्याच्या अमरत्वाचे प्रतीक. (प्रा. भोये यांच्या व्याख्यानातून.)'

सरांनी फलक दोनदा वाचला. खिशातून खडू काढला, परत ठेवला. मग म्हणाले, "प्राध्यापक केलं मला." आणि खांबाकडं वळून, "बाप सुटेल असं वाटलं होतं, बाई. त्याला परत दिंडोरीला कामाला लावला."

इतक्या वर्षांच्या सहवासात मला त्यांचं एवढं एकच वाक्य ऐकवलं नाही. मी मळ्याकडं बघत राहिले. छाटणी चालू होती. डोक्याला फडकी बांधलेले मजूर ओळीनं पुढं सरकत होते. कुठले, ते विचारायची गरज नव्हती.

दादासाहेबांना भेटायला सर एकटे जाणार होते. मीच हट्टानं बरोबर गेले, साक्षीला कुणी असावं म्हणून. दादासाहेबांनी उठून स्वागत केलं, काजू मागवले.

"सर, बघितलं ना? तुमच्या वडिलांना कुठं आणून बसवलंय. तिकडं रानात वाळवी खात होती हो."

"खाऊ द्यायची असते," सर म्हणाले.

"काय?"

"वाळवी. खाऊ द्यायची असते. तो पडायचा होता."

दादासाहेब हसले. त्यांना वाटलं, संस्कृतवाले असंच बोलतात. सरांनी मग ते राहिलेलं अर्धं भाषण तिथं केलं, खुर्चीच्या टोकावर बसून, हळू आवाजात, एकही शब्द न गाळता. दादासाहेबांनी पूर्ण ऐकलं. खोटं कशाला बोलू, मन लावून ऐकलं. मग म्हणाले, "काय जबरदस्त आहे हो हे. हेसुद्धा फलकावर टाकू. पाहुण्यांना अशा गोष्टी लय आवडतात."

"मला तो परत पाहिजे, दादासाहेब."

"अहो, परत नेऊन काय करणार? तुम्हीच म्हणता पडायचाय." मग आवाज खाली आणला. "आणि तुमचा पुतण्या. माणूस चांगला आहे. मी त्याला ठेवला तो खांबामुळंच. खांबाबरोबर माणूस, असं आमचं बोलणं झालं होतं. आता खांब गेला तर त्याला कुठं बसवू, तुम्हीच सांगा. तुम्ही सांगाल तसं."

किती नम्रपणे म्हणाले. तुम्ही सांगाल तसं. मोतीरामची दोन पोरं नाशकात वसतिगृहात शिकत होती, आणि हंगामाला बाहेरगावी मजुरीला न जाणारा तो त्या घरातला पहिलाच माणूस होता, सर सोडले तर. हे दादासाहेबांना ठाऊक होतं का? असणारच. माणसं ठेवणाऱ्याला असल्या गोष्टी ठाऊक असतात.

सर उठले. काजूला हात लावला नव्हता. दारात त्यांनी एवढंच म्हटलं, "ते प्राध्यापक तेवढं काढा. मी शिक्षक आहे." ते मात्र काढलं. आठवड्याच्या आत नवा फलक आला. आता त्यावर 'आचार्य भोये' आहे.

माझ्या नवऱ्यानं सुचवलं, पोलिसांत जा, पेपरवाल्यांना सांगा. मीही सरांना तेच म्हटलं. स्टाफरूममध्ये तर दोन तट पडले. एक म्हणे, अन्याय आहे. दुसरा म्हणे, बरं झालं की, रानात कुणी बघितलं असतं, इथं रोज शंभर माणसं बघतात, आणि सरांचं नावही लागलं. शिवाय हात दाखवून अवलक्षण कुणी करून घेतलं? कुणी सांगितलं होतं मंचावर बापाच्या खांबाचा विषय काढायला? असं म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांनी सरांची नागली खाल्ली होती.

सर कुठंच गेले नाहीत. मला म्हणाले, "बाई, पोलिसांत गेलो तर मोतीरामला आधी उभा करतील. खांब नेला त्या कागदावर सही त्याची आहे." मग जरासं हसले. "आणि कोर्टात काय सांगू? माझा बाप पडू देत नाहीत, एवढीच तक्रार आहे माझी. कुठलं कलम लावणार?"

त्यानंतरची दोन वर्षं त्यांनी शिकवलं, पण फरशीवर लिहिणं बंद झालं. पोरं पळाली तर पळू द्यायचे. एकदा सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, "सर, स्तंभ कुठून आला?" ते म्हणाले, "कंत्राटदाराकडून." वर्ग हसला. मी शेजारच्या वर्गात होते, हसणं मला ऐकू आलं. कशाला हसले ते मागाहून कळलं आणि मला रडू आलं, ते मी फळ्याकडं तोंड करून आवरलं. व्हरांड्यातल्या खांबाला थोपटणं मात्र चालू होतं. आता दोनदा नाही, जरा जास्त वेळ.

रिसॉर्टला एरवी आत जायला बुकिंग लागतं. त्या पहिल्या खेपेनंतर सर आणखी दोनदा गेले होते. एकदा मोतीरामच्या पाळीत फाटकातून बघून आले, एकदा दुसऱ्या पहारेकऱ्यानं हटकलं म्हणून परतले. मग त्यांच्या निवृत्तीची वेळ आली. निरोप कुठं द्यायचा यावर चर्चा सुरू झाली, शाळेचं सभागृह की एखादं हॉटेल. आणि सर स्वतःच म्हणाले, "दादासाहेबांचं रिसॉर्ट चालेल मला."

सगळ्यांना हायसं वाटलं. सर निवळले, असं लोक बोलू लागले. दादासाहेबांनी तर दुपारचं जेवण आपल्यातर्फे जाहीर केलं. मलाही क्षणभर तसंच वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. माणूस दमतो, कुठंतरी मिटवून टाकतो. मला राग आला त्यांचा. इतकी वर्षं ताठ राहून शेवटी पुलाव खायला तिथंच?

आम्ही शाळेच्या बसनं गेलो. सर सुरगाण्याहून परस्पर आले, एस.टी.नं, खांद्याला नेहमीची पिशवी. भाषणं झाली. दादासाहेबांनी शाल घातली. सरांना बोलायला सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मला वेळ कमी पडतो, असा अनुभव आहे. म्हणून बोलत नाही." लोकांनी विनोद समजून टाळ्या वाजवल्या. मग सगळे जेवणावर वळले आणि सर पिशवी घेऊन हिरवळीकडं गेले.

मी ताट ठेवून मागोमाग गेले, पण जरा लांब थांबले. हिरवळीच्या कडेला 'पाय ठेवू नये' अशी पाटी होती. मोतीराम तिथं उभा होता. सर त्याच्याकडं न बघता चालत गेले. त्यानं त्यांना अडवलं नाही, मान दुसरीकडं वळवली.

सर चौथऱ्यापाशी उकिडवे बसले. पिशवीतून डबा काढला, तोच अॅल्युमिनियमचा, झाकणाला पोचा असलेला. मला वाटलं, नैवेद्य असेल, नागलीची भाकरी असेल. झाकण उघडलं. आत ओली माती होती, कुजक्या लाकडाचे तुकडे होते, आणि त्यांवर पांढरं काहीतरी वळवळत होतं. मला कळायला वेळ लागला. सरांनी गावाकडून वाळवी आणली होती. जिथं खांब मूळचा उभा होता, तिथल्या उरलेल्या खुंटाची.

त्यांनी ती चौथऱ्याच्या आणि लाकडाच्या फटीत बोटानं हळूहळू भरली. घाई नाही, कुणी बघेल याची भीती नाही. खरं सांगायचं तर त्याचा उपयोग होणार नव्हता. लाकडाला औषध पाजलं होतं, खाली सिमेंट होतं. मी शेतकऱ्याच्या घरातली, मला ते दिसत होतं. सरांना दिसत नसेल? त्यांचं सगळं लहानपण सागाच्या रानाशेजारी गेलं होतं. तरी ते फट भरत होते, आणि माझा मघाचा राग माझ्याच तोंडावर येऊन पडला.

तेवढ्यात वाइनचे ग्लास घेऊन एक तरुण जोडपं आलं. मुलीनं मोबाइल उंच धरला, एकदा बघितला, आणि गोड आवाजात म्हणाली, "काका, जरा बाजूला व्हाल का? फ्रेममध्ये येताय."

सर उठले. गुडघ्याची माती झटकली. "या," म्हणाले, आणि बाजूला झाले. जाण्यापूर्वी त्यांनी त्या पॉलिश केलेल्या सागावर तळहातानं थोपटलं, शाळेतल्यासारखं. मुलीनं फोटो काढला. त्यात त्यांचा हात आला असेल, तर तेवढाच.

निघताना फाटकावर मोतीराम ताठ उभा राहून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सलाम करत होता. नियम होता तसा. मुख्याध्यापकांना केला, मला केला. सर आले तेव्हा त्याचा हात वर गेला आणि मध्येच अडकला. सरांनी तो हात खाली घेतला आणि त्यात रिकामा डबा ठेवला.

"पुढच्या खेपेला घरून येशील तेव्हा भरून आण," ते म्हणाले. "ओल जाऊ देऊ नको. उन्हानं मरतात."

मोतीरामनं डब्याकडं बघितलं. मग मागं वळून दादासाहेबांच्या गाडीकडं बघितलं. "काका, हे कवा संपायचं?" त्यानं विचारलं.

"तुझ्या नातवाचं नाव नवसू ठेवशील तेव्हा," सर म्हणाले.

मोतीरामनं डबा चौकीतल्या खुर्चीखाली सारला आणि पुढच्या गाडीला सलाम ठोकायला उभा राहिला.

सर आमच्या बसमध्ये चढले नाहीत. त्यांना उलट्या दिशेला जायचं होतं, वणीवरून वर. बस नाशिककडं वळली तेव्हा मी खिडकीतून पाहिलं. एस.टी.च्या थांब्यावर ते एकटे होते, अंगावर अजून दादासाहेबांची शाल. थांब्यावर बाकडं होतं, पण ते बसले नव्हते. शालीची घडी घातली, बाकड्यावर ठेवली, आणि डोंगराकडं जाणाऱ्या रस्त्याकडं तोंड करून उभे राहिले.